आत्याबाईंनी खुडलेली पानं

आमच्या घरात सुनेने काय शिजवावं, कधी उठावं आणि दारात उभं राहून कुणाशी किती बोलावं, यावर आत्याबाईंचा कायदा चालतो. आत्याबाई म्हणजे आमच्या सासूबाई, सुंदरबाई मनोहरलाल रहांगडाले. मी त्यांची थोरली सून शामकला, गावातली अंगणवाडी सेविका. पोरांवर ओरडून माझा आवाज फाटलाय, आणि जीभही माझी काही मवाळ नाही. तरी त्या बाईपुढे माझी बोलती बंद. तिच्यासमोर उभी राहिली ती आमची धाकटी, योगेश्वरी.

२००४ साली माझ्या दिराशी, दुर्गेशशी लग्न होऊन ती आमच्या गावी आली. चोरखमारा तलावाच्या कालव्यावर आमची धानाची शेती. आम्ही पोवार, जमिनीला जीव लावणारी माणसं. मुलीचं शिक्षण म्हणजे आमच्याकडे लग्नाचं तिकीट. एकदा गाडीत बसलं की ते तिकीट कुणी जपून ठेवत नाही. योगेश्वरी बी.एस्सी. झालेली होती, आणि तिने ते जपलं होतं, हे आम्हाला पाच वर्षांनी कळलं.

लोक म्हणतात, जावाजावा उभा दावा. मीही कंबर कसून तयार होते. पण ही भांडेल तर शपथ. तिला मुलगी झाली, ती तीन वर्षांची होऊन माझ्याच अंगणवाडीत येऊ लागली, आणि एक दिवस सगळ्यांची ताटं वाढता वाढता योगेश्वरी शांतपणे म्हणाली, "मामाजी, मले एम.एस्सी. कराची हाये. गोंदियाच्या कॉलेजात."

मामाजींचा, म्हणजे आमच्या सासऱ्यांचा, घास हातातच राहिला. आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं, जणू हे खूळ मीच तिच्या डोक्यात घातलं होतं.

"कायले?" आत्याबाई म्हणाल्या. "घरात का कमी हाये?"

"कमी नाई, आत्याबाई. माहं शिकनं अर्धं हाये."

दुर्गेश गोंदियाच्या एका राइस मिलमध्ये कामाला. गडी तिकडे मजुरांवर डाफरतो, घरी मात्र आईच्या सावलीत बसतो. तो भाताकडे बघत राहिला. शेवटी मामाजींनी निकाल दिला. दोन वर्षं. त्यात पास झाली तर झाली. कुठे अटकली, तर पुस्तकं माळ्यावर, आणि पुन्हा हा विषय नाही. योगेश्वरीने मान हलवली. तिच्या वाटणीचा भात आता मी रांधायचा, हे मला कुणी विचारलंच नाही. मी दोन दिवस भांडी आपटली आणि मग रांधू लागले.

पहाटे उठून, डबा बांधून ती तिरोड्याला जायची आणि गोंदियाची पॅसेंजर पकडायची. संध्याकाळी परत येऊन मुलीला घेऊन बसायची. पहिलं वर्ष निघालं. दुसऱ्या वर्षी प्रकल्प आला, आणि त्या प्रकल्पाने आमच्या घरात आग लावली.

प्रकल्पाची गोष्ट तिने मला तांदळातले खडे निवडताना सांगितली.

"दीदी, तुमी पोरायले पोलिओचा डोज देता ना? तसंच हाये हे. काकडीच्या वेलीच्या खालच्या एका पानाले थोडीशी बिमारी देवाची. ते पान लढते, अन् लढता लढता साऱ्या वेलीले खबर धाडते. मंग वरची पानं पह्यलेच तयार होऊन बसतात. खरी बिमारी आली तं तिले पुरून उरतात."

"खबर कशी धाडते वं? मोबाईल हाये का पानापाशी?"

ती हसली. म्हणाली, वेलीच्या अंगातून रस फिरतो, त्या रसातून ही खबर जाते. डोकं दुखलं की आपण जी गोळी घेतो, तिच्या नात्यातलंच एक द्रव्य झाड स्वतःच्या अंगात तयार करतं. तंबाखूच्या झाडात तर दुखण्यावरच्या मलमासारखा वास असलेलं एक द्रव्य निरोप नेतं, असं तीनएक वर्षांपूर्वीच शास्त्रज्ञांना सापडलं होतं. निरोप नेणारे आणखीही असावेत, आणि त्यातला खरा कोण, यावर त्या मोठ्या लोकांत अजून भांडण चालू होतं. मला हे फार आवडलं. म्हणजे भांडणं आमच्याच घरात होतात असं नाही.

घोडं अडलं ते जागेपाशी. कॉलेजात मोकळी जमीन नव्हती. आमच्या घरामागे मात्र आत्याबाईंची बाडी होती, आणि तिथे मांडवावर काकडीच्या वेली चढत होत्या.

ही बाडी म्हणजे आत्याबाईंचा जीव. दोडका, वाल, भेंडी, काकडी, काय लावतील ते फोफावतं. आजूबाजूच्या गावांतल्या बाया बी मागायला येतात. त्यांचा नियम एकच. डागाळलेलं पान दिसलं रे दिसलं की नखाने खुडायचं आणि चुलीत घालायचं. रोज सकाळी, आंघोळीच्या आधी, त्या ओळीओळीने फिरतात. रोगट पान वेलीवर राहू देणारी बाई त्यांच्या लेखी घर न झाडणाऱ्या बाईच्या पंक्तीतली. अशा बाईला "मी तुमच्या बाडीत रोग आणते" म्हणून कोण सांगणार? योगेश्वरीने सांगितलं, "वेलीले औषध लावून राहिली, आत्याबाई." हे तिचं चुकलं. पण मीही तेच केलं असतं.

पावसाळा चालू होता. सगळं गाव धानाच्या रोवणीत वाकलेलं. योगेश्वरीने कॉलेजातून बाटलीत करप्याच्या बुरशीचं पाणी आणलं आणि बारीक ब्रशने प्रत्येक वेलीच्या तळाच्या एका पानाला लावलं. कुंपणाकडच्या ओळींना मात्र तिने साधं पाणी लावलं. डोज न दिलेल्यांचं काय होतं, तेही बघायला हवं ना. आणि मग ती गोंदियाला मावशीकडे राहायला गेली. विद्यापीठाचे लांबलेले पेपर नेमके तेव्हाच आले होते.

काही दिवसांनी सकाळी बाडीतून आत्याबाईंची आरोळी आली. "शामकला! करपा!"

मी चहाचं भांडं उतरवून धावले. विहिरीकडच्या ओळींत, प्रत्येक वेलीच्या तळाच्या पानावर फिकट पिवळे ठिपके उमटू लागले होते. आत्याबाई खाली बसून सटासट पानं खुडत होत्या आणि पदरात भरत होत्या. मला वाटलं, डोज तर देऊन झाला, आता पानाचं काय काम? पोराच्या तोंडात थेंब टाकल्यावर आपण ड्रॉपर थोडाच जपून ठेवतो. विहिरीकडच्या सगळ्या ओळी झाल्या, आणि त्या गोठ्याकडच्या ओळींकडे वळणार, तोच माझे मालक मोबाईल हातात घेऊन आले. चिचगडच्या काकी गेल्या होत्या, मामाजींच्या सख्ख्या काकी.

म्हणजे सुतक. सुतकात देवाला हात नाही, लोणच्याला हात नाही, आणि आमच्या घरात बाडीलाही हात नाही. पान तोडायचं नाही, फळ तोडायचं नाही. सगळे चिचगडला जाऊन आले. त्यानंतर रोज सकाळी आत्याबाई गोठ्यापाशी पदरात हात गुंडाळून उभ्या राहायच्या आणि समोरच्या पानांवरचे ठिपके तपकिरी होताना बघायच्या. पान वाळत चाललं होतं आणि बाई आतल्या आत जळत होती. एकदा मला हळूच म्हणाल्या, "शामकला, तू सरकारी मानूस. तुले सुतक लागते का?"

"लागते, आत्याबाई."

"लागनच म्हना," असं म्हणून त्या आत गेल्या.

सुतक फिटलं त्या सकाळी घर सारवून व्हायच्या आत त्या बाडीत होत्या. गोठ्याकडच्या ओळींतली वाळकी पानं त्यांनी एका दमात खुडली आणि चुलीत घातली. त्याच दुपारी योगेश्वरी पेपर आटोपून घरी आली. पिशवी ओसरीवर टाकून ती सरळ बाडीत गेली.

मी मागोमाग गेले. ती एका वेलीपाशी बसली, मग दुसरीपाशी, मग तिसरीपाशी. तळाचं पान कुठेच नव्हतं.

"पानं कोनी तोडली?"

"मी तोडली," आत्याबाई गोठ्यातून म्हणाल्या. "करपा आला होता. तुह्या औषधानं काही झालं नाई."

योगेश्वरी उठून उभी राहिली. सहा वर्षांत तिचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता. त्या दिवशी शेजारच्या घरापर्यंत गेला. "ते औषध नोतं, आत्याबाई! रोग होता! मी लावला होता! तुमी पानं नाई, माहं वर्ष खुडलं!"

झालं. आत्याबाईंच्या हातातली टोपली खाली पडली. "माह्या बाडीत रोग आनला? तूनं? अन् वर मलेच बोलून राहिली?"

मामाजी आले, दुर्गेश आला, शेजारची डोकी कुंपणावर आली. आत्याबाईंचं म्हणणं, आत्ताच्या आत्ता सगळ्या वेली उपटा. योगेश्वरी रडत होती. तिने कॉलेजातल्या टेंभरे सरांना फोन लावला. हे तिचे मार्गदर्शक, भला माणूस. ते म्हणाले, आता ह्या वेलींचं काही खरं नाही, पुढच्या हंगामात नव्याने करू. पण मामाजींच्या दोन वर्षांत पुढचा हंगाम कुठे बसणार? मला तिचं इतकं वाईट वाटलं की मी तिच्यासाठी चहा केला आणि तो थंड होईपर्यंत तिच्याशेजारी बसून राहिले.

मग तिने डोळे पुसले आणि विचारलं, "दीदी, साऱ्या ओळी एकाच दिवशी खुडल्या का?"

"छे. विहिरीकडच्या सुतकाच्या आधी, गोठ्याकडच्या आज."

"आधी खुडल्या तवा ठिपके कसे होते?"

"नुसते पिवळे. अन् आजचे पार वाळलेले, भुऱ्या कागदासारखे."

तिने माझा हात इतका जोरात धरला की बांगडी रुतली. "दीदी, मंग हे तं लय चांगलं झालं! विहिरीकडच्या पानायले खबर धाडाले टाइमच भेटला नसन. गोठ्याकडच्यायनं धाडली असन. पान गेलं तरी खबर वेलीत असन. हे पाहाले भेटन आता!"

"कसं पाहाले भेटन?"

"साऱ्या बाडीवर रोग शिंपून."

मी म्हटलं, हे तू आत्याबाईंना सांगायच्या वेळी मी माहेरी जाते.

पण तिने सांगितलं. या वेळी काही लपवलं नाही. आत्याबाईंसमोर बसून पोलिओच्या डोजापासून सगळं सांगितलं, आणि शेवटी बाडी मागितली. मला वाटलं, आता काही तरी फेकून मारतील.

"म्हंजे तुह्या मतानं मी सुतकाच्या आधी खुडलं ते चुकलं," त्या म्हणाल्या. "अन् जे सडत राहिलं ते बरं झालं?"

"तसं वाटते मले."

"मले वाटते का विहिरीकडच्या ओळी साफ हायेत, त्याच टिकतीन. लाव शर्यत. माह्या ओळी टिकल्या तं तुहे बुकं माळ्यावर, आजपासून. तुह्या टिकल्या तं शिक, जवरी शिकाचं तवरी शिक. मी आडवी येनार नाई."

मामाजी म्हणाले, असली काय शर्यत. आत्याबाईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं आणि मामाजी शर्यतीचे पंच झाले.

दुसऱ्या संध्याकाळी योगेश्वरीने पंप पाठीला लावून सगळ्या वेलींवर, वरच्या पानांवर, बुरशीचं पाणी फवारलं. ओल टिकावी म्हणून ओली पोती पांघरली. आत्याबाई पाठ करून बसल्या होत्या, त्यांना बघवत नव्हतं. गावात बोभाटा झाला की रहांगडाल्यांच्या सुनेने सासूच्या बाडीत रोग शिंपला. बाया काही ना काही निमित्त काढून येऊ लागल्या. कुणी म्हणे पोरगी पागल झाली, कुणी म्हणे सासू. माझ्या अंगणवाडीत तर पोरांपेक्षा बातम्याच जास्त. योगेश्वरी वरून कितीही सांगो, खबर गेली की नाही हे तिलाही ठाऊक नव्हतं. हरली असती, तर सगळं तिथेच संपलं असतं.

प्रथम कुंपणाकडच्या वेली लागल्या. ज्यांना डोज मिळालाच नव्हता, त्या. पानांवर डाग, डागांची भोकं, पानं करपून लोंबू लागली. ते होणारच होतं. सगळ्यांचं लक्ष दुसरीकडे होतं.

शर्यतीच्या निकालासाठी ठरवलेल्या सकाळी मामाजी बाडीत उतरले. त्यांच्यामागे आम्ही, आमच्यामागे निम्मा मोहल्ला. मामाजी विहिरीकडच्या ओळींतून फिरले, गोठ्याकडच्या ओळींतून फिरले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "तसं पाहिलं तं इकडंही थोडं हाये, तिकडंही थोडं..."

"सरका," आत्याबाई म्हणाल्या.

त्या स्वतः विहिरीकडच्या पहिल्या वेलीपाशी बसल्या. पान उलटून पाहिलं. डागच डाग. दुसरं पान, तिसरं पान. कुंपणाकडच्या वेलींइतकीच ही रांग करपली होती, काडीचाही फरक नव्हता. मग त्या गोठ्याकडे गेल्या. तिथे पान हिरवं. काही पानांवर ठिपके होते, पण मोजके आणि मोहरीएवढे, पसरायच्या आधीच जागेवर सुकलेले. वरची कोवळी पानं, जी डोजाच्या वेळी नुसती कोंबात होती, ती तर तेल लावल्यासारखी चमकत होती. पानांआड काकड्या लोंबत होत्या. आत्याबाईंनी एकही वेल सोडली नाही.

"ह्या पानानं," आत्याबाईंनी तोडलेल्या देठाच्या जागेवर बोट ठेवलं, "जाता जाता सांगून ठेवलं?"

"हो, आत्याबाई."

"अन् तिकडच्यायले मी बोलूच देलं नाई."

योगेश्वरी त्यांच्याशेजारी मातीत बसली. "तुमी तिकडं खुडलं म्हनून तं समजलं. नाई तं मले अर्धंच समजलं असतं. तुमी हारल्या नाई."

"गप राय," आत्याबाई म्हणाल्या. "हारली म्हंजे हारली. मले गोड नोको बोलू." आणि उठून, गुडघ्याची माती झाडून, साऱ्या मोहल्ल्यासमोर मोठ्याने म्हणाल्या, "मी हारली! आयकलं का सारे? आता जा घरी, भात करपतीन तुमचे!"

मला इतका आनंद झाला की मी तिथेच टाळ्या वाजवल्या. नंतर त्याबद्दल बोलणीही खाल्ली.

योगेश्वरी तेवढ्यावर थांबली नाही. कॉलेजच्या शेडमध्ये कुंड्यांत काकडी लावून तिने तोच प्रयोग पुन्हा केला, या वेळी पानं ठरवून खुडली, काही लवकर, काही उशिरा. उत्तर तेच आलं. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिला चांगलंच घोळवलं. गोठ्याजवळच्या वेलींना खत जास्त मिळालं नसेल कशावरून, असं विचारलं. तिने कुंड्यांचे निकाल पुढे ठेवले. मग ते म्हणाले, "पानं वेगवेगळ्या वेळी काढायची ही योजना चांगली आहे. आधीही लोकांनी असं केलंय. तुम्हाला कुठून सुचली?"

"सुचली नाही सर," ती म्हणाली. "आमच्या घरी सुतक आलं होतं."

टेंभरे सर सांगतात, ते परीक्षक आधी गोंधळले, मग सगळं ऐकून खुर्चीतच मागे रेलून हसले, आणि मग उठून तिच्याशी हात मिळवला. निकाल लागला, पहिला वर्ग. दोन वर्षांच्या आत.

त्या संध्याकाळी घरात पेढे आले. मामाजीही खूश होते, सुनेच्या डोक्यावर हात ठेवला. मग पेढा खात खात म्हणाले, "चला, झालं एकदाचं. आता बुकं बांधून ठेव, बाई. शामकला एकटी किती राबन?"

माझं नाव घेऊन हे बोलले याचा मला संताप आला. मी तोंड उघडणार, एवढ्यात योगेश्वरी हळूच म्हणाली, "मामाजी, मले बी.एड. कराचं होतं. मास्तरीन होता येईन."

"अवं, आपलं ठरलं होतं. दोन वर्षं."

योगेश्वरीची मान खाली गेली. ठरलं होतं, हे खरंच होतं.

आत्याबाई चुलीपुढे बसल्या होत्या. त्यांनी फुंकणी खाली ठेवली. "तुमचं दोन वर्षाचं ठरलं होतं," त्या म्हणाल्या. "माहं जवरी शिकाचं तवरीचं ठरलं होतं. साऱ्या मोहल्ल्यासमोर."

"अवं पन ती तं शर्यत होती..."

"मंग? हारली मी हावो, तुमी नाई. माही हार मले पुरी करू द्या."

मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. ते दुसरा पेढा घेऊन ओसरीवर गेले. दुसऱ्या दिवशी बी.एड.च्या प्रवेशाची चौकशी करायला योगेश्वरी सकाळच्या पॅसेंजरने गोंदियाला गेली, आणि तिचा डबा आत्याबाईंनी भरला.